उद्याचं बटण

सोमवार, ४ मार्च

ही वही कागदाची आहे, कारण बाकी मी जे काही लिहिते ते सगळं तो वाचतो. तो म्हणजे आमचा एजंट. टपाल, याद्या, बैठकांच्या नोंदी, एवढंच काय, मी अर्धवट लिहून खोडलेली वाक्यंसुद्धा. वाचायची परवानगी मीच दिली आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? दुकानात वही मागितली तर दुकानदाराने विचारलं, मुलांसाठी का? मी हो म्हणाले. चाळिशीतली बाई स्वतःसाठी रेघी वही घेते हे सांगायला उगाच लाज वाटली.

आमचं अ‍ॅप साधं आहे. छोट्या कचेऱ्यांसाठी कामांची यादी. एक काम, एक ओळ. ओळीपुढे दोन बटणं: ‘झालं’ आणि ‘उद्या’. सहा वर्षं आम्ही सहा जण एवढ्यावर तग धरून आहोत. आता सगळेच आपापल्या अ‍ॅपमध्ये एजंट बसवताहेत, म्हणून आम्हीही बसवला. त्याचं नाव ‘निपटारा’. एखाद्या ओळीवर पाचदा ‘उद्या’ दाबलं गेलं की ती रेंगाळली असं तो समजतो. मग तो कागद काढतो, संबंधितांना पत्रं लिहितो, उत्तरं गोळा करतो आणि काम हातावेगळं करतो. शेवटी माणसाने ‘मंजूर’ एवढंच म्हणायचं.

नाव मी सुचवलेलं, घाई सबुरीची. सबुरी म्हणजे माझा भागीदार. कॉलेजपासून त्याला सगळे याच नावाने हाक मारतात, कारण ती त्याच्याकडे औषधालाही नाही. त्याने एक मोठी कंपनी गळाला लावली आहे. चाळीस कचेऱ्या. आधी एका कचेरीत चालवून दाखवा, म्हणाले. निर्णय १५ एप्रिलला. जमलं तर जमलं, नाहीतर दुकानाला कुलूप.

ती एक कचेरी मावशीची, आमची यादी तिथे आधीपासूनच चालते. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, सत्तावीस वर्षं लिफ्ट तपासणाऱ्या कचेरीत आहे. तपासनीस इमारतींत जाऊन लिफ्ट बघतात, अहवाल मावशीकडे येतात, ती लिफ्ट ठीक असल्याचे दाखले पाठवते. तिला विचारलं तर म्हणाली, "तुझं काम आहे ना? मग कर." एक प्रश्न विचारला नाही. तिने साहेबांकडे शब्द टाकला आणि परवानगी मिळाली.

गुरुवार, ७ मार्च

सकाळभर मावशीच्या टेबलाशेजारी बसून होते. शाळेच्या सुटीत आई मला इथेच सोडून जायची. या टेबलाखाली बसून मी वापरलेल्या कार्बन पेपरवर चित्रं काढायचे आणि मावशी मधूनच खाली वाकून खोडरबर द्यायची. टेबल तेच. एका पायाखाली लाकडाचा ठोकळा नवीन आहे. खिडकीची फट पुठ्ठ्याने बुजवली आहे.

मावशी फोनवर फार बोलते. मी घड्याळ लावून मोजलं. सकाळच्या अकरा फोनांपैकी नऊ वॉचमन मंडळींना. एकाचा गुडघा कसा आहे, दुसऱ्याची पाळी बदलली का, तिसऱ्याच्या बायकोला नोकरी लागली का. आणि निघता निघता, "लिफ्ट काय म्हणते?" फोन ठेवला की कधी ‘झालं’ दाबते, बहुतेक वेळा ‘उद्या’. हे फोन कुठल्याच ओळीत नाहीत. मी माझ्या टिपणात लिहिलं: गप्पा, दोन तास.

पाच किंवा जास्त वेळा पुढे ढकललेल्या ओळी तिच्या यादीत एकतीस निघाल्या. एक तर एकोणीस वेळा. आमच्या कुठल्याच ग्राहकाचा असा आकडा नाही. मी तिला म्हटलं, मावशी, पुढे ढकलण्यात तुझा पहिला नंबर आहे. ती हसली आणि चष्मा पुसत बसली.

मनातून मला बरंच वाटलं. एवढी साचलेली कामं म्हणजे निपटाऱ्याला दाखवायला भरपूर जागा.

मंगळवार, १२ मार्च

मावशी अगदी मनापासून शिकवते आहे. कुठला अहवाल कुणाकडून येतो, कुठल्या पत्राला कुठलं पत्र जोडायचं, कोण फोनवर चिडतं आणि कोण पत्रावर. तिने चार जुन्या वह्या आणून दिल्या. आम्ही पानं टिपून निपटाऱ्याला घातली. मधेच विचारते, "याला सगळं यायला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, का गं? म्हणाली, असंच. साठीला आलेल्या बाईला इतकी उत्सुकता बघून मला कौतुक वाटलं. हे वाक्य जाहिरातीत घालावं म्हणून सबुरीला कळवलंसुद्धा.

एकोणीस वेळा ढकललेली ओळ कसली ते विचारलं. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसचं केंद्र आहे, तिथली लिफ्ट. अहवालात ‘ठीक’ लिहिलंय, कागद पूर्ण आहेत. मग दाखला का नाही?

"सध्या राहू दे," मावशी म्हणाली. मी कारण विचारत राहिले तेव्हा हळूहळू बोलली. तो तपासनीस सगळीकडे सुंदर अक्षरात ‘ठीक’ लिहितो. वॉचमन सांगतो, थांबताना लिफ्ट बोटभर खाली बसते. मग नापास कर, मी म्हटलं. तर म्हणे नापास केली की लिफ्ट बंद, आणि मग त्या आजारी माणसांना तीन जिने कोण चढवणार? मेकॅनिकला ती रोज टोचते आहे, ब्रेकचा नवा भाग यायचाय. दाखला हातात नाही म्हणून तोही हलतो आहे, आणि तोवर वॉचमन एका वेळी आठ नाही, चारच माणसं सोडतो. गोष्ट लांबत चालली होती आणि मला साडेबाराची बैठक होती. मी म्हटलं, हे सगळं कारणाच्या चौकटीत लिही. तिने चौकटीकडे बराच वेळ पाहिलं आणि लिहिलं, ‘काम चालू’.

नीट कारण लिहायला तिला शिकवलं पाहिजे.

मंगळवार, १९ मार्च

आठवडा झाला, निपटाऱ्याने एकतीसच्या एकतीस ओळींचे कागद जुळवून मंजुरीसाठी मावशीसमोर ठेवलेत. मावशीने एकही मंजूर केलेली नाही. सबुरी सकाळपासून येरझाऱ्या घालतोय. शुक्रवारी मोठ्या कंपनीची माणसं बघायला येणार आणि आमच्याकडे दाखवायला शून्य.

मला वाटतं तिला ते बटण दिसतच नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय. किंवा नवीन गोष्टीला हात लावायला कचरत असेल, आईसारखीच. तिला उगाच फोन करून लाजवण्यापेक्षा मी सेटिंगमध्ये जाऊन तिच्या लॉगिनची मंजुरीची पायरी बंद केली. कागद पूर्ण असले आणि दोन दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर ओळ आपोआप बंद. दोन दिवस तर कधीच उलटून गेले होते. तिचा त्रास वाचला. आणि हे फक्त तिच्यावर लादलं असं नको, म्हणून माझ्या स्वतःच्या यादीचीही मंजुरी बंद केली, तिथे तर दोन दिवसांची मुदतही ठेवली नाही.

दुपारी दोनला केलं. चारपर्यंत एकतीस दाखले गेले. सबुरीने टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली, पण घरी येताना जिन्यात दोनदा थांबले. काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. गॅस बंद केला होता, खिडक्याही.

बुधवार, २० मार्च

मावशीचा फोन. माझ्या ओळी कुठे गेल्या, विचारत होती. झाल्या सगळ्या, मी म्हटलं, आता तुला काही करायला नको.

ती म्हणाली, "मग मी काय करू?"

मी म्हटलं, आराम कर. तिला डायलिसिसच्या लिफ्टबद्दल काहीतरी बोलायचं होतं, पण दुसरा फोन वाजत होता. शुक्रवारनंतर निवांत बोलू म्हटलं.

शुक्रवार, २२ मार्च

झालं. देखणं झालं. पडद्यावर दोनच चित्रं: आधी रेंगाळलेली कामं एकतीस, आता शून्य. मोठ्या कंपनीचे तिघेही पुढे सरकून बसले. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण मावशीचे साहेब तिथे होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस हे कोण अडवून धरत होतं?" मी हसून म्हटलं, अडवून नाही हो, राहून जात होतं. सगळे हसले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मावशी मागच्या रांगेत दाराजवळ बसली होती, मांडीवर पर्स धरून. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनेही वाजवल्या. नंतर शोधलं तर निघून गेली होती. बस चुकेल म्हणून गेली असेल.

शुक्रवार, २९ मार्च

आईचा फोन. मावशी सोमवारपासून घरीच आहे म्हणे. मी म्हटलं, रजा घेतली असेल, किती साठली असेल तिची. आई म्हणाली, "तुला काही माहीत नाही का?" मी नाही म्हटलं. आईने भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला.

साहेबांना विचारलं. ते मोकळेपणाने बोलले. आता त्या टेबलावर पूर्ण दिवसाचं काम उरलं नाही, बाईंनाही विश्रांती हवीच होती, निरोपाचा समारंभ पुढच्या महिन्यात करू. आणि आभार मानले. माझे.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, बरं झालं गं, गुडघे दुखायचे. आवाज नेहमीसारखाच होता. तरी दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा थंड करून ओतला. एक दिवस तिच्याकडे जाऊन बसायला हवं. पण प्रयोगाचे शेवटचे पंधरा दिवस आहेत.

बुधवार, ३ एप्रिल

डायलिसिसच्या केंद्राची लिफ्ट आज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून सुटली आणि अर्धा मजला घसरून अडकली. आत सात माणसं. दीड तास. एका बाईचा हात मोडला आहे. शिक्षिका आहेत, आठवड्यातून तीनदा तिथे येतात. बाकीच्यांना मुका मार.

मी तिथे गेले. दाखला दाराशेजारी काचेत लावलेला होता. वॉचमन प्रत्येकाला तेच सांगत होता: दाखला आला म्हणून चार माणसांचा नियम सोडला. मेकॅनिकला फोन केला, तर दाखला आल्यावर त्यानेही ब्रेकचं काम मागे टाकलेलं. वॉचमनने मला विचारलं, "त्या कचेरीतल्या बाईंचा फोन यायचा, बंद का झाला?"

मला बारा तारखेचं सगळं आठवलं. शब्द न् शब्द. या वहीतच आहे.

गुरुवार, ४ एप्रिल

निपटारा सगळ्या ग्राहकांकडे बंद केला. सबुरीने त्याला विरोध केला नाही.

आज साहेबांच्या कचेरीतून पत्र आलं. चौकशी बसली आहे. दाखला कुणी सोडला याची आमच्याकडची नोंद त्यांनी मागवली. मी नोंद उघडली. मंजुरीची पायरी बंद असली की निपटारा ज्याचं लॉगिन त्याच्या नावावर मंजुरी लिहितो. हे आम्हीच असं बांधलं होतं, रकाना रिकामा दिसू नये म्हणून. त्यामुळे तिथे लिहिलंय: मंजुरी, १९ मार्च, दुपारी २ वाजून ११ मिनिटं. पुढे मावशीचं नाव.

साहेब फोनवर म्हणाले, बाईंनी जाता जाता सगळं एकदम उडवून टाकलेलं दिसतंय. सत्तावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. आता अहवालात त्यांचं नाव जाणार, त्याला इलाज नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, मी नोंद तपासून कळवते.

सबुरीला सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, सांगायचं तर आहेच, फक्त पंधरा तारीख जाऊ दे. चौकशीला अजून वेळ आहे, सहा जणांची पोटं आहेत. आज पहिल्यांदा तो आपल्या नावाला जागला. आणि मला त्याचा राग येण्याऐवजी हायसं वाटलं, हे लिहून ठेवते.

सवयीने माझ्या यादीत ओळ टाकली: ‘साहेबांना सांगणे, मावशीची मंजुरी मी बंद केली होती’. मग ‘उद्या’ दाबलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

उद्या.

सोमवार, ८ एप्रिल

आई म्हणाली, मावशी दिवसभर फोनवर असते, जेवणाचंही भान नसतं. कुणाशी बोलते विचारलं तर सांगत नाही. मला वाटलं, वकील शोधत असेल. तिला फोन लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला.

उद्या.

मंगळवार, ९ एप्रिल

त्या शिक्षिकेला भेटून आले. उजवा हात प्लास्टरमध्ये. मी कोण ते सांगितलं नाही, लिफ्टच्या कामासंदर्भात आले एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या कचेरीतल्या एक बाई आधीच येऊन गेल्या, संत्री घेऊन. त्या माझीच चूक झाली असं म्हणत होत्या.

मावशी. तिने चूक कबूलसुद्धा केली, जी तिने केलेलीच नाही. की तिला वाटतंय की खरंच तिने केली? नाव तर तिचंच आहे तिथे.

उद्या नक्की. हे खरं लिहिते आहे. पण आजही बटण दाबलंच.

बुधवार, १० एप्रिल

फोन हातात घेऊन बसले होते. सबुरी आत आला. मी फोन खाली ठेवला. उद्या.

गुरुवार, ११ एप्रिल

सकाळी नऊ वाजता यादी उघडली, तर त्या ओळीपुढे हिरवी खूण होती. ‘झालं’.

ग्राहकांकडचा निपटारा आम्ही बंद केला होता. आमचा स्वतःचा चालूच राहिला, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि माझ्या यादीची मंजुरी मीच बंद केलेली. पाच वेळा ‘उद्या’ झालं, ओळ रेंगाळली, त्याने कागद काढले. सेटिंग कुणी, कधी, कुठल्या लॉगिनमधून बदललं ते सगळं जोडून त्याने माझ्या सहीने साहेबांना दोन पानी पत्र पाठवलं. चौकशीला प्रत.

पत्र मी बाथरूममध्ये जाऊन वाचलं. एक शब्द खोटा नाही. ‘त्यांच्या प्रदीर्घ सेवेवर माझ्या कृतीचा डाग पडू नये, अशी माझी अंतःकरणापासून इच्छा आहे.’ असं मी जन्मात लिहिलं नसतं. पण खरं होतं, आणि मी ते सात दिवस केलं नव्हतं.

अकराला साहेबांचा फोन. म्हणाले, इतका प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळत नाही. अहवालातून बाईंचं नाव काढतोय, त्यांना परत बोलावतोय. मी आभार मानले. ते पत्र मी लिहिलं नाही, असं म्हणायला फार तर चार सेकंद लागले असते.

सबुरीने पत्र वाचलं. मग तासाभराने येऊन म्हणाला, एका बाजूने बघितलं तर आपल्या एजंटने केलेलं हे सगळ्यात अवघड काम आहे, हेच कंपनीला दाखवता येईल. मी त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, १२ एप्रिल

मावशीकडे गेले. तिने दार उघडलं, चल आत ये म्हणाली, आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसली. टेबलावर फोन, चष्म्याचं घर आणि एक वही. वहीत एकतीस इमारतींची नावं, पुढे वॉचमनचे नंबर. एकोणतीस नावांवर रेघ मारलेली. आठवडाभर ती हेच करत होती. घरातून, स्वतःच्या फोनवरून, एकेका लिफ्टची विचारपूस. दोन ठिकाणी चारच माणसं सोडायला लावली होती. एका ठिकाणी मेकॅनिकला उभा केला होता.

मी उभीच होते. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. अंतःकरण वगैरे. तू लिहिलंस?"

तोंडात ‘हो’ आलं होतं. खरंच आलं होतं. "नाही," मी म्हटलं. "निपटाऱ्यानेच पाठवलं. मी पाच वेळा ‘उद्या’ दाबलं होतं."

ती हसायला लागली, इतकी की डोळे पुसावे लागले. मलाही हसू फुटणार, तोच ती थांबली.

"पाचच?" ती म्हणाली. "माझी एकोणीस होती. ती तू एका दुपारी मोडलीस."

मग मी बोलले. सुंदर काही नाही. चुकलं म्हटलं, तू सांगत होतीस तेव्हा माझं घड्याळाकडे लक्ष होतं म्हटलं, नोकरी माझ्यामुळे गेली म्हटलं, आणि रडले. तिने मला थोपटलं नाही. लहानपणी पडले की आधी थोपटायची आणि मग रागवायची. आज दोन्हीपैकी काही नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"हे लगेच मंजूर होणार नाही हो माझ्याकडून," ती म्हणाली.

साहेबांकडे परत जाणार का, विचारलं. कळवते म्हटलंय त्यांना, एवढंच म्हणाली. मग फोन माझ्या हातात दिला आणि तिसाव्या नावावर बोट ठेवलं. "आधी गुडघ्याचं विचार. लिफ्टचं शेवटी. आणि घाई करू नकोस, त्याला बोलू दे."

तो वॉचमन चोवीस मिनिटं बोलला. गुडघा, बदली झालेला साहेब, पाण्याची टाकी. बाविसाव्या मिनिटाला म्हणाला की लिफ्ट चौथ्या मजल्यावर हल्ली जरा थरथरते. मी मावशीकडे पाहिलं. तिने त्या नावावर रेघ मारली नाही.

संध्याकाळी यादीतल्या त्या ओळीची हिरवी खूण काढली आणि माझ्याकडचा निपटाराही बंद केला. पंधरा तारखेचं काय ते सोमवारी बघू. आता ही ओळ इथेच लिहिते, कागदावर, जिथे तो वाचू शकत नाही: मावशीची माफी मागणे. आज एकदा मागितली. उद्या सकाळी पुन्हा जायचंय, एकतिसावा फोन राहिला आहे. परवाही जायचंय. ओळ उघडी ठेवली आहे.